तीन शिट्ट्यांच्या डाळीचं संशोधन

नांदेड, बुधवार

तीर्थस्वरूप अण्णाराव मामांना भाची तनुजाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? (मोटारसायकलला किक मारणं बंद केलं असेल तर बरा असणार, आणि केलं नसेल तर विचारण्यात अर्थ नाही.) काळ्या गाईचं वासरू उभं राहिलं का? मी इथे खुशाल आहे. हॉस्टेलची भाजी आहे तशीच आहे, त्यामुळे वजन उतरतंय, पण पीएचडी चढतेय. या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, ठेवू का" म्हणता आणि माझं सांगणं निदान तिसऱ्या वाक्यात सुरू होतं, म्हणून पत्र. शिवाय आपल्या गावचे खाजामियाँ त्यांच्या पाण्याच्या जारच्या प्लांटचं सामान न्यायला आज टेम्पो घेऊन आले आहेत, ते हातोहात पोचवतील. मागच्या आठवड्यात मी शुक्रवारच्या परिषदेसाठी मामीला नांदेडला पाठवा म्हणाले, तेव्हा "सातवी शिकलेली बाई तिथं काय बोलणार, लोक हसतील" असं सांगून तुम्ही फोन ठेवलात. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. मला फक्त झालेली हकीकत सांगायची आहे, मागणं काही नाही.

बी.एस्सी.ला मी रसायन घेतलं तेव्हा लोह्यातल्या आमच्या गल्लीने धरून चाललं होतं की पोरगी औषधाचं दुकान टाकणार. एम.एस्सी.नंतर मी दगड गोळा करायला लागले तेव्हा आई शेजारणींना "सरकारी काम हाय, जास्त विचारायचं न्हाई" असं सांगू लागली. दगडातून पाण्यात काय उतरतं आणि ते माणसाच्या अंगात कुठे जाऊन बसतं याचा अभ्यास म्हणजे भूरसायनशास्त्र, हे मी चार वर्षं सांगते आहे. तुम्ही मात्र गावात एका वाक्यात काम उरकलंत, की ही आमची भाची, पाण्याची डॉक्टर. त्याबरोबर एका आजोबांनी तळहातावर नारळ धरून बोअर कुठे मारू ते विचारलं आणि दुसऱ्यांनी म्हैस आटली त्यावर औषध मागितलं. पण मामा, ते सांगताना तुम्ही छाती अशी काही पुढे काढली होती की तुमचं वाक्य दुरुस्त करायला माझी जीभ वळली नाही. मनातून फार बरं वाटलं होतं.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या मार्गदर्शक धम्मप्रिया मॅडमचा एकच नियम आहे: बोअर दहा मिनिटं चालू ठेवायचा आणि पाणी स्वतःच्या हाताने बाटलीत भरायचं. मी तो मोडला. (इथे थोडा दोष तुमच्याकडे जातो.) तुम्ही मला गाडीवर मागे बसवून घरोघर नेलंत आणि प्रत्येक घरी आधी चहा, मग पोहे, मग "भाची पहिल्यांदा आली" म्हणून ओटी. सव्वीस बोअरपैकी चार होईपर्यंत दुपार झाली, लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती, आणि घरी तुम्ही पुरणाचा बेत ठेवला होता. शेवटी मी उरलेल्या बाटल्या भरून ठेवा म्हणून घरोघर वाटून टाकल्या, भरलेल्या चारही तुमच्याच ओसरीवर ठेवल्या (त्यासुद्धा कुणीतरी "सुधारल्या" हे नंतर कळलं), आणि सकाळी सगळ्या गोळा करून पोट भरल्याच्या आनंदात नांदेडची एसटी धरली.

प्रयोगशाळेत सव्वीसपैकी एकोणीस बाटल्या सारख्या निघाल्या. सारख्या म्हणजे अगदी जुळ्या बहिणी, क्षार नावालाही नाहीत, जणू खडकाने त्या पाण्याला कधी पाहिलंच नव्हतं. मी आनंदाने नाचत मॅडमकडे गेले की चाकूर तालुक्यात काहीतरी अद्भुत सापडलंय. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं की या गावात जारचं पाणी कोण विकतं. मला उत्तर माहीत होतं, आणि नाचणं तिथेच थांबलं. पुढचं मला खाजामियाँच्या घरातून, वहिदाचाचींनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी खाजामियाँचे एका संध्याकाळी एवढे जार गेले की त्यांना वाटलं गावात कुणाचं तरी लग्न आहे आणि आपल्यालाच बोलावणं नाही. सगळ्यांनी पाणी "तपासणीला" जाणार म्हणजे परीक्षेलाच बसणार असं धरलं, आणि जिथे आपल्या जिल्ह्यातली पोरं लातूर पॅटर्नने पहिली येतात तिथे आपलं पाणी नापास कसं होऊ द्यायचं. पाहुण्याला चांगलं तेच द्यायचं, ही सवय तर आहेच. उरलेल्या सात घरी जार पोचला नव्हता, एवढाच त्यांचा प्रामाणिकपणा. पहिला जार कुणी नेला हे चाचींनी सांगितलं आहे. मी नाव लिहीत नाही, त्या माणसाचा गुडघा दुखतोय.

मी दोन दिवस रडले. मार्चमध्ये समितीपुढे काम मांडायचं होतं आणि हातात दुकानातलं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा करायचा म्हणून मामीने दिलेलं गाठोडं सोडलं. शेंगदाण्याच्या चटणीखाली फडक्यात गुंडाळलेली एक बाटली निघाली. तिच्यावर कॅलेंडरचा कागद चिकटवला होता आणि त्यावर लिहिलं होतं, "हे खरं पानी. आपल्या बोअरचं. मामाला सांगू नको."

मी लगेच तिला फोन लावला. ती म्हणाली, एका बाटलीत काय घेऊन बसलीस, मला सगळ्या गावाचं पाणी माहीत हाय. आणि तिने जे सुरू केलं ते मी पेन घेऊन लिहीत सुटले. गावात बारसं असो की तेरावा, डाळ मामी शिजवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कुकर ती नेहमी स्वतःचा नेते, डाळ आपल्या शेतातली तूर, मापाला तीच पितळी वाटी. कोणत्या घरच्या पाण्याला तीन शिट्ट्या पुरतात, कुठे सहा लागतात, कुठे सोडा घातल्याशिवाय दाणा मोडत नाही, हे तिला वीस वर्षांचं तोंडपाठ आहे. धम्मप्रिया मॅडमनी माझी वही वाचली आणि म्हणाल्या, उपकरण तेच, डाळ तीच, माप तेच, बदललं फक्त पाणी. यालाच आम्ही प्रयोग म्हणतो, आणि या बाईंनी तो वीस वर्षं चालवलाय.

तुम्ही गुडघा दाखवायला लातूरला गेला होतात त्या दोन दिवसांत मी पुन्हा गावात येऊन गेले. (लपवलं, माफ करा.) या वेळी चहा एकाच घरी घेतला. मामी शिट्ट्या सांगायला आणि वहिदाचाची कुठल्या घरी जार जातो ते सांगायला बरोबर होत्या, त्यामुळे कुणाची जार पुढे करायची छाती झाली नाही, आणि सव्वीसच्या सव्वीस बाटल्या मी माझ्या हाताने भरल्या. मामा, मशीनने लावलेला क्रम आणि मामीच्या शिट्ट्यांचा क्रम बावीस ठिकाणी तंतोतंत जुळला. ज्या पाण्यात चुना कमी आणि सोड्यासारखा क्षार जास्त, त्यात डाळ चटकन शिजते. आणि आपल्या खडकात नेमकं तसलंच पाणी फ्लोराइड जास्त धरून ठेवतं. म्हणजे गाव ज्या पाण्याला गोड म्हणून नावाजतं तेच पोरांचे दात खातंय. आपला बोअर तीन शिट्ट्यांचा, साऱ्या गावात पहिला. फ्लोराइडमध्येही पहिला, चालतं त्याच्या दुपटीहून जास्त. तुमच्या नातीच्या, पुनमच्या दातांवर जे तपकिरी पट्टे आलेत, ते चॉकलेटचे नाहीत. हे मला लिहायचं नव्हतं, पण तुम्हाला दुसरं कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

समितीतले एक सर म्हणाले, ही स्वयंपाकघरातली ऐकीव माहिती आहे, आभारात दोन ओळी लिहा. मॅडम काही बोलायच्या आत मीच उभी राहिले. माहिती दिली म्हणून आभार मानतात, सर. इथे वीस वर्षांची मोजणी आहे, तिला नाव लागतं, एवढं मी बोलले आणि खाली बसले. पण नावं लागली. परिषदेच्या निबंधावर तीन नावं आहेत: तनुजा, सिंधु (आपली मामी), वहिदा. संस्थेच्या रकान्यात काय लिहू म्हणून मामीला विचारलं, तर म्हणाली, जे हाय ते लिही. म्हणून तिथे छापलंय, "स्वतःचं स्वयंपाकघर, ता. चाकूर, जि. लातूर." परिषदेवाल्यांनी तिला "डॉ. सिंधु" म्हणून निमंत्रण पाठवलं. तिने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं की डॉक्टर न्हाई, पण येतो. विज्ञानाचं दार सगळ्यांना उघडं पाहिजे असं भाषणात पुष्कळ जण म्हणतात. आमच्या घरातली बाई त्या दारातून स्वतःचा कुकर घेऊन आत गेली, याचा मला इतका अभिमान आहे की हॉस्टेलमध्ये माझ्यासमोर आता कुणी डाळीचा विषय काढत नाही.

हकीकत संपली. वासराला माझ्याकडून कुरवाळा.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
तनुजा

ता. क. मागणं नाही म्हणाले होते, ते खोटं. मामीला शुक्रवारी बोलू द्या. लोक हसणार नाहीत, आणि हसले तर मॅडम त्यांना शिट्ट्या विचारतील.

ता. क. दुसरा. परवानगी मागितली ती रीत म्हणून. मामी लोह्याला माझ्या आईकडे आठ दिवस राहायला गेली आहे असं तुम्ही समजून आहात. ती सोमवारपासून माझ्या खोलीवर आहे. आईही यात सामील आहे, तेव्हा रागवायचं तर आधी तुमच्या बहिणीवर. खाजामियाँना सगळं माहीत आहे, पण वहिदाचाचींनी त्यांना गप्प बसवलंय. टेम्पोत पुढची सीट तुमच्यासाठी मोकळी ठेवून ते उद्या परत इकडे निघणार आहेत.

ता. क. तिसरा. खालचं अक्षर मामीचं.

अहो, आपल्या बोअरचं पानी पुनमला पाजायचं न्हाई, हे मी घरात तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही पेपर वाचत हाव हाव म्हणाला. आता शुक्रवारी माईकवर सांगणार हाय. पुढच्या रांगेत बसा, म्हणजे नीट ऐकू येईल.