आपोआप वाजणारा पियानो

प्रिय पोरी,

पियानो वर्कशॉपमध्ये सुखरूप पोचला. जिन्याच्या वळणावर हमालांनी मला चार शब्द ऐकवले, मीही दोन ऐकवले, पण लाकडाला ओरखडा नाही. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तो भर दुपारी आपोआप वाजतो. मला घरात बसवत नाही. घेऊन जा." मी जास्त खोदून विचारलं नाही. 

सध्या माझ्या वर्गात बहुतेक जुने ट्यूनरच आहेत. तारा आणि हातोड्या यांत मुरलेली माणसं, पण सर्किट दिसलं की हात आखडतात. त्यांना मी शिकवतो की हे वाद्य अर्धं पियानो, अर्धं कॉम्प्युटर. वाजवणाऱ्याचा प्रत्येक दाब सेन्सर टिपून ठेवतात आणि पुढे तीच पट्टी तेवढ्याच जोराने आतून ओढली जाते. तुझाच पियानो त्यांच्यासमोर उघडला. प्लग लावून आम्ही चहाला गेलो. परत येऊन बसतो न बसतो, तोच पट्ट्या खाली जाऊ लागल्या. स्टूल रिकामं होतं.

पोरी, माझा लेकच वाजवत होता. मला ओळखायला वेळ लागला नाही. त्याच्या डाव्या हाताची करंगळी पहिल्यापासून जड; त्यावरून किती रागावलो असेन मी त्याच्यावर. तीच करंगळी. अवघड जागेआधी श्वास घेतल्यासारखं तेच थांबणं. पेडल खाली गेलं, वर आलं. मला राहवलं नाही, मी पट्ट्यांवर हात ठेवला. त्या माझ्या बोटांखालून निसटत होत्या, लहानपणी रस्ता ओलांडताना तो हात सोडवून घ्यायचा तशा. 

मग वर्गातल्या एका बाईंनी कंट्रोल बॉक्स तपासला. आत टायमर लावलेला निघाला, संध्याकाळचा. स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने तो लावून ठेवला होता. दवाखान्यातून तू एकटी घरी येशील तेव्हा घर सुनं वाटू नये म्हणून, दुसरं काय! पण तू तिथून हललीच नाहीस, आणि तो गेल्यावर प्लग काढून टाकलास. पुढे बॉक्समधल्या घड्याळाची बॅटरी संपली आणि त्याची वेळ चुकली. आता त्या यंत्राची संध्याकाळ भर दुपारीही होते.

तुझ्या आईने मला काल सगळं सांगितलं. प्लग तुला मागणी घातलेल्या त्या मुलाने लावला, त्याच दुपारी पियानो वाजला, आणि तू त्याला लग्नाला नकार कळवलास. 'ह्यांना आवडलं नाही' असं मनात घेऊन बसलीस. खरं सांगू? ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. तू आमचीच सून राहशील, असं वाटलं. त्यासाठी खोटंही बोलावं लागलं नसतं. गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. त्या क्षणाची मला अजून धास्ती वाटते, म्हणून उशीर न करता लिहितोय. तो राग नव्हता गं. तू एकटी पडू नयेस, एवढंच त्याच्या मनात होतं. टायमर मी काढलाय, वाजवलेलं जपून ठेवलंय. त्या मुलाला आजच फोन कर. आणि मला लग्नाला बोलवायला संकोच करू नकोस.

तुझाच, लग्नाच्या दिवशी तुझ्या बाजूने उभा राहणारा,
बाबा