उजव्या बटणातली पाचर

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

आज पुन्हा उशीर! बावीस मिनिटं. विजयश्री मॅडमनी वर्गाच्या दारातच उभं केलं. "उशीर का झाला? जर्मनमध्ये सांगा." आता चाकण चौक जर्मनमध्ये कसा सांगायचा? मी म्हटलं, "श्टाऊ." म्हणजे ट्रॅफिक जॅम. सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. "तिथली माणसं श्टाऊ धरूनच घरातून निघतात," म्हणाल्या.

निघत असतील. त्यांना साडेतीनपर्यंत कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं राहावं लागत नसेल! शिफ्ट सुटते साडेतीनला, आकुर्डीत क्लास पाचला. उडत येऊ का? आणि हजेरी कमी भरली तर जर्मनीला कामाला पाठवणारी एजन्सी परीक्षेला बसू देणार नाही. परीक्षा नाही तर जर्मनी नाही. सहा वर्षं एकाच प्रेसवर काढली, अजून कॉन्ट्रॅक्टवरच आहे. एकोणतीस वय झालं. आई मुली बघायचं म्हणते आणि मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात — पर्मनंट आहे का?

मला जायचंय. काहीही करून जायचंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उपाय सापडला. नवा नाही, आमच्या शॉपमध्ये निम्मे लोक करतात. मीच आजवर केला नव्हता.

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा डाय, म्हणजे साचा, खाली येतो. कारण काय, तर हात आत राहू नये. उजव्या बटणात लाकडाची छोटी पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग डाव्या हातानं बटण मारायचं, उजवा हात पत्रा सारायला मोकळा. काय वेग येतो राव! टार्गेट तीनलाच पुरं. सुपरवायझर साहेबरावांनी पाचरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माल झाला ना? मग जा की."

निघताना पाचर काढून खिशात टाकली. माझ्यानंतर त्याच प्रेसवर शेखर असतो, सेकंड शिफ्टला. परभणीकडचा, माझ्यासारखाच कॉन्ट्रॅक्टवाला.

क्लासला पाच मिनिटं आधी पोचलो! मॅडम म्हणाल्या, "पुंक्टलिश!" म्हणजे वेळेवर. दहावीनंतर पहिल्यांदा कुणी शाबासकी दिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मॅडमनी तिथल्या रीतीभाती सांगितल्या. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला चालणारी माणसंसुद्धा थांबतात. कुणी बघत नसलं तरी! रश्मी म्हणून एक नर्स येते क्लासला, ती म्हणाली, "नाशिक फाट्यावर थांबून दाखवा म्हणावं, मागचा अंगावर घालेल." खूप हसलो.

पण मनातून आवडलं मला ते. अशा ठिकाणी राहावं माणसानं. कुणी बघत नसतानाही नीट वागणाऱ्यांत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चाचणीत पंचविसापैकी बावीस!

फोन सायलेंटवर होता. बाहेर आल्यावर बघितलं, अकरा मिस्ड कॉल. शेखरचा हात प्रेसमध्ये गेला. पावणेचारला. शिफ्ट सुरू झाल्याबरोबर.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाचर खिशात नाही. पँट दोनदा उलटी केली. डबा, बॅग, सगळं. नाही.

चाचणीच्या घाईत पळालो मी काल. काढलीच नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज धीर करून हॉस्पिटलात गेलो. उजव्या हाताची तीन बोटं गेली. उजव्या हातानं पत्रा सरळ करत होता, डावा बटणावर. दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस येत नाही, हा भरवसा. आणि आली.

त्याची बायको रुपाली उशाशी बसलेली. चार महिन्यांचं पोट. शेखर म्हणाला, "काय रे, तोंड कशाला पाडायलास? माझी बोटं गेलीत, तुझी नाहीत." मग विचारतो, "परीक्षा कधी हाय तुझी?" म्हटलं, आठ मार्चला. "मग इथं काय करायलास? जा, पाठ कर. एक तरी जाऊ दे इथून."

पाचरीचं एक अक्षर बोलला नाही. त्याला दिसली नसावी. मीही बोललो नाही. तीनदा तोंड उघडलं. रुपाली वहिनींनी सफरचंद चिरून दिलं, ते खाल्लं आणि निघालो. थू माझ्यावर.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेबरावांनी केबिनला बोलावलं. चहा मागवला. सहा वर्षांत पहिला चहा! एजन्सीला अनुभवाचं पत्र लागतं, ते टाइप करून तयार होतं. त्याच्या शेजारी दुसरा कागद — 'तीन वाजता मशीन सुस्थितीत दिली. दोन्ही बटणं चालू होती.'

"ह्याच्यावर सही कर, ते घेऊन जा."

म्हटलं, साहेब, पाचर तुम्ही पण बघितली होती. ते हसले. "मी कुठं काय बघितलं? पाचर तुझी निघाली तर केस कुणावर व्हईल? जर्मनी लांब हाय भूषण, येरवडा जवळ हाय."

"आणि शेखर?"

"त्याचा दवाखाना कंपनीच करतीय न्हवं? मग!"

सही केली. बुद्धभूषण, नीट वळणदार. हात कापलासुद्धा नाही, याचीच लाज वाटते.

रविवार, २३ फेब्रुवारी

आईबरोबर विहारात गेलो. सगळे पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. माझं तोंड मिटलं. आईनं वळून बघितलं, कोपरानं ढोसलं. पाचव्याला पुन्हा सुरू झालो.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "जर्मन शिकता शिकता शीलं विसरला का काय?" आई हसली. मी जेवलो नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आजचा धडा शरीराचे अवयव. हातावर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, "हांड." मग बोटं. बोटाला इंग्रजीसारखं जर्मनमध्येही फिंगरच म्हणतात. सगळ्यांनी हात वर करून एकेक बोट उघडत आकडे म्हणायचे. मी दोनवर थांबलो. पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो तो आत गेलोच नाही.

शनिवार, ८ मार्च

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव, काम, छंद. घडाघडा बोललो. परीक्षकबाई म्हणाल्या, "झेअर गुट." फार छान.

त्यांना काय माहीत, कुणाची ओळख करून घेतली ती.

मंगळवार, १८ मार्च

पास! शंभरात एक्क्याऐंशी. बाबांनी पेढे आणले, अख्ख्या चाळीत वाटले. आई रडली. एजन्सीचा फोन — कागद पूर्ण आहेत, जूनपर्यंत निघायचं धरून चला.

शेखरकडं पेढे घेऊन जायचं म्हणून मेदनकरवाडीपर्यंत गेलो. त्याच्या खोलीच्या गल्लीतून परत फिरलो. पेढे बसमध्येच राहिले.

गुरुवार, २० मार्च

रुपाली वहिनी स्वतःच आल्या. एवढ्या पोटाच्या, दोन बस बदलून. कंपनीनं शेखरला काढलं. स्वतःच्या चुकीनं अपघात, म्हणून. पत्राला त्याचा जबाब जोडलेला, इंग्रजीत. "भाऊजी, काय लिहिलंय ते मराठीत सांगा. हे तर काहीच बोलंना गेलेत."

मी एकेक ओळ सांगत गेलो. 'पाचर मी स्वतः ठोकली. बुद्धभूषण याने मशीन नीट दिली होती. त्याचा काही संबंध नाही.' खाली सही नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा. तारीख पंधरा फेब्रुवारी. माझी सही एकवीसची.

सहा दिवस आधी! पट्टीतून रक्त येत असताना.

वहिनी म्हणाल्या, "पण तुमचं नाव कोण विचारलं होतं ह्यांना?"

सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले, नीट घडी घातली आणि चपला पायात सरकवल्या.