शिंप्याची पावलं

ता. ६ मे

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पावलं मोजायचं यंत्र पोचलं. एवढंसं गं, बटणांच्या डबीत मावेल! फोनवरच सांगितलं असतं, पण तुझे आजोबा कान लावून बसतात आणि मला त्यांचंच कौतुक करायचंय. डॉक्टर म्हणाले होते ना, पायाची शीर अरुंद झालीय, रोज पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, नाहीतर महिनाअखेरीला ऑपरेशन करून शीर उघडावी लागेल, आणि तेही जमलं नाही तर पायाची बोटं जातील.

आता बघ! दुकानात शाळेच्या गणवेशांचा डोंगर, तरी संध्याकाळी आकडा असा चढलेला की मी चष्मा पुसून परत बघते. स्वारी म्हणते, शिंप्याचे पाय आहेत, गंमत वाटली काय! कमरेला लावलं की मापाच्या टेपमध्ये अडकतं म्हणून यंत्र घोट्याला रुमालाने बांधलंय. शेजारच्या इस्त्रीवालीला मी आकडा दाखवून आले. तिचा नवरा खाटेवरून हलत नाही, ती काय बोलणार! तिची मांजर व्यालीय, तीन पिल्लं, एक अगदी तुझ्यासारखं नकटं. हां, आजोबांच्या पायाचं बोट अजून गार लागतं. फरशीमुळे असेल.

पत्र इस्त्रीवालीच टाकेल. पेटी औषधवाल्याच्या वळणापलीकडे, एवढ्या लांब कोण जाणार?

तुझ्यावर जीव टाकणारी,
आजी

ता. १३ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी उडी मारली, मग मटकन खाली बसले. आकडा वर चढतोय आणि बोट गारच, हे जुळत नाही. इथे वॉर्डात मी असे पाय रोज बघते. आजोबा चालायला जातात कधी? तू स्वतः बघितलंस? आणि घोट्याला का बांधलंय? त्यांचं मशीन पायाचंच आहे ना अजून? आजी, एकदा दुकानात गुपचूप डोकावून ये. बोट काळं-निळं दिसलं तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ.

रागावू नकोस, पण लवकर लिही.

तुझी,
भिंगरी

ता. १७ मे

चि. भिंगरीस आ.

तू तिकडे बसून चोर पकडलास आणि मी इथे नाकासमोरचा बघितला नाही. दुकानात डोकावले तर स्वारी मशीनवर, पाय पायडलवर, आणि प्रत्येक दाबासरशी आकडा पुढे! मी अशी तडकले म्हणतेस! तर मलाच म्हणाले, पाय हलला, यंत्राने मोजला, यात माझी चोरी काय? गणवेश थांबणार आहेत का?

मग कात्रीची उगाच उघडझाप करत राहिले. हळूच म्हणाले, पहिल्या आठवड्यात गेलो होतो गं चालायला. औषधवाल्याच्या वळणावर पोटरी अशी धरली की खांबाला मिठी मारली. गिऱ्हाइकं जमली, कोणी स्टूल आणलं, कोणी पाणी, मला गाठोड्यासारखं बसवलं. ज्यांच्या खांद्यांची मापं मी घेतो त्यांनी माझी कीव करायची? त्यापेक्षा पाय गेलेला बरा.

पाय गेलेला बरा म्हणे! तडक डॉक्टरांकडे ओढत नेलं. ते घोट्याजवळ नाडी बोटाने शोधत राहिले, बऱ्याच वेळाने सापडली. बारीक आहे म्हणाले. ३१ला परत बघू, तोवर चालणं हेच औषध.

काय करू ते सुचव. मन लागत नाही.

आजी

ता. २२ मे

ती. आजीस सा. न.

ओरडू नकोस त्यांना. दुखल्यावर थांबणं हाच तर व्यायाम आहे, त्यात लाज कसली, हे त्यांना कोणी सांगितलंच नसणार. पण सांगून पटणार नाही. त्यांना एकट्याने थांबायला लागू नये, एवढं बघ. मला सुट्टी महिना उलटल्यावरच आहे. इथे माझं कामात लक्ष नाही.

भिंगरी

ता. ३० मे

चि. भिंगरीस आजीचे उदंड आशीर्वाद.

तुझ्या एका वाक्याने माझं डोकं चाललं. आता आम्ही दोघं निघतो. पोटरी धरली की हे खोकतात. खोकले की मी थांबते आणि जो समोर दिसेल त्याला गाठते. सासूबाईंपासून सगळ्यांनी माझ्या बडबडीला नावं ठेवली, आता तीच कामाला आली! लोकांना वाटतं, काय ही बाई, बिचारा नवरा ताटकळतोय. ताटकळू दे की! काल रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, तर मी एका म्हाताऱ्या कुत्र्याची विचारपूस केली. हे खांबाला टेकून हसत होते.

उद्या तपासणी. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. बोट कालच्यापेक्षा ऊब धरतंय असं मला वाटतं, पण मला काय, मला हवं तेच वाटतं. यंत्र बटणांच्या डबीत ठेवलंय. हे पत्र आम्हीच टाकायचं ठरवलंय. पोचलं, तर समज वळण पार झालं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आजी

ता. क. हे मी लिहितोय, पेटीवर कागद टेकवून. आजी औषधवाल्याशी बोलत मागे वळणावरच उभी आहे, आटपायचं नाव नाही.

मी खोकलोच नव्हतो.

आजोबा