विळा कुणाच्या हातात दिलास, कमळे?

प्रिय कमळे,

तुझी विसरायची खोड पहिल्यापासूनची. चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे गप्पा मारत बसायचीस. वज्रेश्वरीच्या जत्रेत चपला देवळाबाहेर विसरून अनवाणी घरी आलीस आणि वर मलाच विचारलंस, "बाय, माझ्या चपला तू तर न्हाय ना घातल्यास?" ते सगळं मी चालवून घेतलं. पण या वेळी जे विसरलीस त्याला माफी नाही. गेलीस ती गेलीस, जाताना विळा कुणाच्या हातात द्यायचा तेवढं सांगायचं विसरलीस!

म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलतेय आणि तुझीच सून सुरेखा लिहितेय. तिला ताकीद दिलीय, माझी एकही शिवी गाळायची नाही. आज सकाळी गिरणीतून नवा तांदूळ आला. पहिला भात चुलीवर चढायच्या आधी तुला चार शब्द सुनावून घेते. नाहीतर तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

पाय सुजत होते, धाप लागत होती, तर सांगायला तोंड नव्हतं का तुला? विचारलं की म्हणायचीस, "गुडघं दुखतात गं, बाकी काय न्हाय." आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचीस, येताना भेळ खाऊन यायचीस. मीही मूर्ख, तुझ्याबरोबर बसून भेळ खात होते! डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्याने आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच तुला लपवून ठेवलं होतं. लावणी झाली आणि तू गेलीस. रोपं अजून नीट उभीसुद्धा राहिली नव्हती.

मग पाऊस. किती सांगू! गणपती बुडाले, घट बसले, घट उठले, दसरा गेला, पाऊस आपला आहेच. तरी भात असा भरला होता की तुझी दृष्ट लागली असती. आणि ऐन कापणीला चार दिवस वारा सुटला, सगळं आडवं. भावकीची निम्मी जमीन गोदामांखाली गेली, उरलेली खाचरं ही एवढीच. ती पाण्यात झोपली होती.

एका सकाळी ऊन पडलं. मला वाटलं, आता सगळे विळे घेऊन धावतील. बांधावर जाऊन बघते तर चिटपाखरू नाही! पुरुष सगळे देवळाच्या पारावर चहा पीत बसलेले.

"नामदेव, काय रे, भात कापायचं सोडून आरती करताय का?" मी विचारलं.

नामदेव आता भावकीत वडीलधारा झालाय ना, तो हळूच म्हणाला, "मोठी वैनी, पहिली मूठ कमळावैनी कापायची. तिच्या घरात दुःख हाय. तिच्या घरचं नवं झाल्याबिगर आपण विळा कसा घालायचा?"

"मग त्यांना विचारलंत?"

"असं कसं विचारणार? बरं दिसंल का ते?"

ऐकलंस? बरं दिसणार नाही म्हणून कुणी विचारायला गेलं नाही. आणि तुझ्या घरात तुझे धनी, बाळूभावजी, भिंतीकडे तोंड करून बसलेले, त्यांना वाटतंय भावकी काय ते ठरवील. हे त्यांच्यासाठी थांबले, ते यांच्यासाठी थांबले. सगळे एकमेकांचा मान राखत बसले आणि तिकडे लोंब्यांना कोंब फुटायला लागले. कमळे, मी ते कोंब बोटांनी चाचपले. हिरवे, कोवळे, सुंदर दिसत होते मेले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुझा मान! काय तो तुझा मान! आपल्या भावकीत पहिली मूठ एका बाईने कापायची, त्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून दाराला लावायच्या, मग बाकीच्यांनी खाचरात उतरायचं. हे नवं. आणि थोरली जाऊ मी होते गं! एका साली मी बाळंतीण होते, खाटेवर होते, म्हणून सासूबाईंनी विळा तुझ्या हातात दिला. पुढल्या साली परत करायचा की नाही? तू काय म्हणालीस आठवतं? "बाय, सासूबाई बोलतात माझा हात हलका हाय." हात हलका! भाकरी थापताना कधी दिसला नाही तो हलकेपणा. जन्मभर दर दसऱ्याला मी बांधावर उभी राहून तुझं ते मिरवणं बघितलं. नवी साडी काय, वेणी काय. आणि कापून झालं की मागे वळून माझ्याकडे बघून हसायचीस. मला चिडवायला हसायचीस ना? खरं सांग.

असो. मी पारावरून तडक तुझ्या घरी गेले. खुंटीवरचा विळा काढला. बाळूभावजींनी मान वळवली. "वैनी, ठेवा तो. वरीस होऊ द्या तिचं."

"वरीस?" मी म्हटलं. "भात वरीसभर थांबंल का? बघून या जरा, पाण्यात उगवून बसलंय. ती माझी पण गेली, भावजी. पण भाताला कोण जाऊन सांगणार?"

ते उठले. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना उंबऱ्याबाहेर बघितलं मी.

बांधावर सगळी भावकी गोळा झाली. तमाशा बघायला येतात बरोबर, तेव्हा दुःखबिक्ख आड येत नाही! सुरेखा माझ्या मागे उभी. म्हणाली, "मोठ्या आई, तुम्हीच कापा. मान तुमचाच हाय."

खोटं का बोलू? हात शिवशिवला. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली तो विळा माझ्या हातात, सगळे बघतायत, आणि तू चिडवायला नाहीस. मी वाकलेसुद्धा. लोंबी मुठीत धरलीसुद्धा. मग कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तुझा राग आला, असा राग आला! अगं, मी कापलं तर पुढल्या साली कोण कापणार? मी राहिले नाही तर हे पुन्हा पारावर बसणार, चहा पिणार, मान राखणार. मी पण तुझ्याएवढीच मूर्ख ठरले असते.

मी विळा सुरेखाच्या हातात दिला. तिने तो उलटाच धरला. धरणारच! निजामपुऱ्यात, शहरात, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली पोर, तिला तू कधी खाचरात पाय घालू दिलास? "राहू दे, तिचे पाय खराब होतील." पाय खराब होतील! तुला तिचे पाय जपायचे नव्हते, कमळे, तुला विळा सोडायचा नव्हता. (ए, थांबलीस का? लिही. तुझ्या सासूबद्दल बोलतेय, तुझ्याबद्दल नाही. आणि कागदावर टिपं पाडू नकोस, शाई पसरेल.)

नामदेव म्हणालाच, "मोठी वैनी, हिच्या घरात दुःख—"

"तुझ्या तोंडाला सुतक लागू दे चार दिवस," मी म्हटलं. "पोरी, अंगठा वर नको, आत घे. विळा ओढ, हाणू नको. लूम न्हाय ती."

कापली. वाकडी कापली, अर्ध्या काड्या उपटूनच आल्या, पण कापली. आणि बाळूभावजी लेंगा वर खोचून चिखलात उतरले. मग काय, सगळ्यांना अचानक विळे सापडले!

निम्मं हाती लागलं. निम्मं गुरांपुढे गेलं. पेंढ्या वाळवायला कोरडी जागा नाही, म्हणून आपल्याच जुन्या जमिनीवरच्या गोदामाच्या सिमेंटी अंगणात पसरल्या. वॉचमन धावत आला. "अम्मा, ट्रक आएगा!" मी म्हटलं, "आने दो. हमारा चावल सूखने दो, फिर तेरा ट्रक." बिचारा स्वतःच पेंढ्या उलट्या करायला लागला. त्याचं गाव पण शेतीचंच निघालं, तिकडे बिहारात कुठेतरी.

तांदूळ काळसर आहे. वासही थोडा येतो. दाराला बांधलेल्या नव्यातल्या लोंबीला कोंब आलाय, तशीच बांधली. लोक हसले तर हसू देत. मला त्या लोंबीकडे बघितलं की तुझी आठवण येते, आणि आठवण आली की राग येतो. तुझ्याशिवाय भांडायला कुणी उरलं नाही गं. सुरेखा भांडत नाही, नुसती "हो मोठ्या आई" करते. कसली सून आणलीस!

ऐक आता. मी तुला वचन देते. येत्या पावसात हिला लावणीला चिखलात उतरवणार, गुडघ्यापर्यंत. बी कुठलं राखायचं, पाणी कधी सोडायचं, मूठ कशी धरायची, सगळं शिकवणार. आणि माझी वेळ आली की मी तुझ्यासारखी भेळ खात गुपचूप जाणार नाही. दुखलं तर ओरडेन, सगळ्यांना सांगेन, सगळ्यांशी भांडून जाईन.

तुझ्यावर अजूनही रागावलेली,
तुझी थोरली जाऊ

सुरेखा, कागदाची घडी घाल आणि ऊठ. पहिली मूठ जिच्या हातची, पहिला भात तिच्या घरून सगळ्यांकडे जातो. सासू गेल्यापासून आम्ही तुमच्याकडे डबे पाठवले, आता तू पाठव. नामदेवला खीर दे, त्याचं तोंड गोड कर. वॉचमनला डाळभात, वर तूप. आणि मला खीरबीर काही नको. मऊ भात, सुक्या बोंबलाचं तिखट कालवण, आणि वाटी छोटी पाठवलीस तर मी परत पाठवीन.