शोभीचे धा दिस

३ मार्च
धाकटी जाऊ शोभी सकाळपास्नं बडबडतीय. पिठाच्या डब्यात पानी वतलं. दीर ऊसतोडीवर. मी आळीतल्या बायकांना म्हणलं, "हिच्या अंगात आलंय, इचारा काय ते." नुसती गंमत. परवा हिनं माझ्या ढेकराची नक्कल केल्ती, त्याचा वचपा.

४ मार्च
गंमत लागू पडली! पारूबाई खरंच नारळ, हळद-कुकू घिऊन आली. "आई, सुनंला पोरगं हुईल का?" शोभी म्हणली, "म्हशीला इचार." पारू पाया पडली. मी तोंडात पदर कोंबला.

८ मार्च
शोभी जेवत न्हाई, डोळं फिरवती. बायका म्हणत्यात, देवीला सुई टोचायची न्हाई. दिराचा फोन. "वैनी, शोभीला द्या." म्हणलं, "कामात हाय, मग कर." ओटीच्या खोबऱ्याची चटणी लई झ्याक झाली.

१२ मार्च
फिट आली. जीभ चावली, उशी लाल. दीर धावत आला, नगरच्या दवाखान्यात नेली. मेंदूला सूज. पाठीतनं पानी काढलं.
डॉक्टरीनबाई म्हणली, "असं किती दिवस चाललंय?" दीर माझ्याकडं बघाया लागला.
मी म्हणलं, "दोन."

१४ मार्च
डॉक्टरीनबाईनं मला बाजूला घेतलं. "मावशी, सूज मेंदूत असली तरी तिचे निरोप रक्तात उतरतात. ते ऐकून रक्तातल्या पहारेकरी पेशी चवताळतात. जसे दिवस जातात तसे निरोप बदलतात. हिच्या रक्तातले दोन दिवसांचे वाटत नाहीत. नक्की दोनच ना? औषध त्यावर ठरवायचंय."
"व्हय," म्हणलं.
माझी चुगली रगतानं केली. नळी घालून तोंड बांधलेल्या शोभीच्या.

१५ मार्च
रातभर डोळा न्हाई. सकाळी डॉक्टरीनबाईला जिन्यात गाठून सांगितलं, धा दिस. तिनं पेन खिशात ठिवला. "काल का नाही बोललात?"

औषध बदललं. दिराला ठावं न्हाई आजून. मला चहा आनून देतो, "वैनी, तुमी हुत्या म्हनून..."

२१ मार्च
शोभी बोलाया लागली. रगत निवळतंय म्हणत्यात. डोकं कवा, ते कुनी सांगत न्हाई.
माझ्याकडं टकामका बघून म्हणली, "तुमी कोन?"
माझं तोंड कुठं गप बसतंय. म्हणलं, "तुझी सवत."
वाटलं, आता पयल्यावानी शिव्या दील. हिनं खरं मानलं. कन्हत सरकली, कॉटवर मला जागा केली.
बसले.
दीर खाली गोळ्या आनाया गेलाय. आला की ती त्याला इचारील.