न्हाणीघराचं माप

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. ठेकेदारसाहेब, तुमचं घर पुरं होणार तरी कधी? ठेकेदार न नेमता स्वतःच बांधून घेतो म्हणालास, तेव्हा आईने दुसऱ्याच दिवशी ट्रंक भरली होती. तू तीनदा तारीख पुढे ढकललीस. गेल्या महिन्यात तर लिहिलंस, की बायको म्हणते अजून थांबू या. ते मी आईला वाचून दाखवलं, माझंच चुकलं. तिने कपडे पुन्हा कपाटात लावले. म्हणाली, सुनेला मी नको असेन तर तसं सांगा. पडल्यापासून वॉकरशिवाय तिला चालता येत नाही आणि जावयाकडे राहायचा संकोच काही जात नाही. खरं काय ते कळव.

माया आहे म्हणून रागावते.

ताई

२० मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून मान खाली गेली. थांबू या असं ही कधीच म्हणाली नाही. मी ते तिच्या नावावर खपवलं.

आईच्या न्हाणीघराच्या चौकटीचं माप सुताराने विचारलं, तेव्हा मी भाड्याच्या घरातलं माप ठोकून दिलं, चोवीस इंच. गवंड्याने दोनदा विचारलं, की आजी यातून वॉकर घेऊन कशा जाणार. मी चारचौघांत त्याला सुनावलं, की ठेकेदार मी आहे, तू विटा लाव. फरशी, नळ सगळं झाल्यावर शेजाऱ्यांचा वॉकर आणून पाहिला, तर तो त्या दारात अडकला. आईच्या वॉकरचं माप तुला विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून विचारलंच नाही.

काल गवंड्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, की भिंत फोडू, पण माप काय धरू? त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे आईला वाचून दाखव आणि तिच्या वॉकरचं माप कळव. हिचं नाव पुढे केलं ते हिला अजून ठाऊक नाही. आज सांगतो.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझा भाऊ

२७ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे ताईच्या हातून लिहून घेतेय. माझा वॉकर सव्वीस इंच भरला. गवंड्याला तीस धरायला सांग, म्हणजे कोपर घासणार नाही.

तुझी चांगली खरडपट्टी काढणार होते, पण मला तोंड राहिलं नाही. तुझ्या गेल्या महिन्यातल्या पत्रापाठोपाठ सूनबाईचं पाकीट आलं होतं, माझ्या नावाचं. रागाच्या भरात मी ते न फोडताच गादीखाली सारलं. आज फोडून ताईकडून वाचून घेतलं. तिने लिहिलंय, की तुम्हाला विचारायची ह्यांना लाज वाटतेय, तुम्हीच वॉकरची रुंदी कळवा, म्हणजे दार मोठं करून घेता येईल. खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवलेत म्हणते.

महिनाभर ती उत्तराची वाट पाहत असेल. हे तिला तू सांगू नकोस. मी तिथे येऊन तिच्यासमोर सांगेन.

दोघांना आशीर्वाद, तिला आधी.

आई