निळ्या चौकड्याचं अस्तर

१७ जानेवारी २०२१, रविवार

प्रेमला आली होती. दारातच उभी, हातात हिरव्या कापडाचा गठ्ठा. म्हणाली, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मास्क लुटायचे. स्टीलच्या वाट्या देऊन देऊन बायका कंटाळल्या. मास्क कसे, उपयोगाचे! आणि तुमच्यासारखा हात अख्ख्या मांजरी गावात कुणाचा नाही, वहिनी.

कोण बोलतंय! संपतची बायको. ज्या संपतने माझ्या घराची माती केली त्याची बायको मला मास्क शिवायला सांगते आहे. हसू आलं. खरंच आलं. मास्कच्या आत हसलेलं दिसत नाही, हा एक फायदा.

हो म्हटलं. हळदीकुंकवाचं बोलावणं अर्थातच नाही. विधवेने वाण शिवायचं, घ्यायचं नाही.

१८ जानेवारी

लिहून ठेवते. विसरायचं नाही म्हणून.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, संपत आमच्याकडे आला. तो सोसायटीचा चेअरमन, हे सेक्रेटरी. गणपती बसवायचा की नाही यावर चर्चा. फोनवर झाली असती! मास्क हनुवटीला. हनुवटीला कोरोना होऊ नये म्हणून हा माणूस फार जपतो. मधूनमधून खोकत होता. मी ह्यांना खुणावलं. ह्यांचा मास्क नाकावरून घट्ट, तर संपत म्हणतो, "घरातबी बांधून बसता व्हय, नागोराव? आमी मातीतली मानसं. आमाला काय हुत न्हाय."

हे भिडस्त. पाहुणा उघड्या तोंडाने बसलाय आणि आपण झाकून — ह्यांना ते बरं वाटेना. काढला. बराच वेळ बसले दोघं.

त्याच आठवड्यात ह्यांना ताप. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी हे गेले. तोंड बघू दिलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी गाडीत ठेवताना लांबून दिसलं, तेच नागोराव असं मी समजायचं.

संपतला काही झालं नाही. आमचं दार त्याने एकदाही वाजवलं नाही. खाली समोरासमोर आलो की फोन कानाला लावतो. मला त्या घरातून एक शब्द हवा होता. 'चुकलं' — एवढाच. तेवढाही नाही!

२० जानेवारी

सुचलं!

मास्क तीन पदरी. बाहेर प्रेमलाने दिलेलं हिरवं काठाचं कापड, मधे मांजरपाट, आणि आतून अस्तर. अस्तराचं विचारलं तर म्हणाली, तुमच्याकडचं कुठलंही मऊ सुती लावा, तोंडाला टोचलं नाही म्हणजे झालं.

कुठलंही मऊ सुती.

ह्यांचे शर्ट आहेत. कपाटभर. वर्षानुवर्षं धुऊन मऊसूत झालेले.

२३ जानेवारी

पहिल्यांदा पांढरा कापला. कात्री सरळ चालली.

सौभाग्याचं वाण! नटूनथटून येतील. हिरव्या बांगड्या, नथी — नथीवर मास्क, तेही एक बघण्यासारखंच — आणि तोंडाला लावतील माझ्या गेलेल्या नवऱ्याचा शर्ट. त्यातून श्वास घेतील. मग मी सांगणार. सगळ्या जमल्यावर, संपतच्या देखत. त्या बायका पुढे वर्षभर दचकून उठल्या पाहिजेत. आणि संपतला तोंड दाखवायला जागा राहता कामा नये.

"काऊन एवढी तापून राहिली?" हे असते तर म्हणाले असते. तीस वर्षं पुण्यात काढली तरी वर्ध्याची बोली सुटली नाही. तुम्ही नाही ना आता, म्हणून तापते.

२६ जानेवारी

झेंडावंदन. संपतचं भाषण. विषय — सर्वांनी मास्क वापरावा! मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात.

३१ जानेवारी

रुपालीचा नागपूरहून फोन. सातवा महिना लागला. पुढच्या महिन्याच्या शेवटी बाळंतपणाला इकडे येणार. दिवसभर काय करतेस, आई? म्हटलं, मास्क शिवते. कुणाचे? प्रेमलाकाकूच्या हळदीकुंकवाचे. पोरगी म्हणाली, तुझं मन मोठं आहे, आई.

हो तर! मोठंच आहे. त्यात बरंच काही मावतं.

४ फेब्रुवारी

सगळे झाले, संपतच्या घरचे तेवढे राहिलेत. मुद्दाम शेवटी ठेवले होते. प्रेमला, तिच्या दोन जावा, नणंद, सासू. आणि संपतचा एक — त्यालाही हवाय, मोठ्या मापाचा.

आणि अस्तर संपलं. शर्ट संपले, एक सोडून. निळ्या चौकड्याचा. तो मी माझ्यासाठी ठेवला होता. उशाशी असतो. ह्यांच्या साठीला रुपालीने दिलेला. संपत आला त्या दिवशी ह्यांच्या अंगात हाच होता.

दुपारभर मांडीवर घेऊन बसले. दुसरं कापड घरात आहे. जुन्या चादरी आहेत. पण त्याच घराच्या तोंडाला चादर लावायची, तर मग हा सगळा खटाटोप कशासाठी केला? इतर बायकांनी माझं काय वाकडं केलंय? ज्यांच्यासाठी मांडलं त्यांनाच वगळायचं?

कापला. छातीकडचा एक भाग प्रेमलाला, एक संपतला. पाठ, बाह्या, सगळं बाकीच्यांना. काही शिल्लक ठेवलं नाही.

८ फेब्रुवारी

मास्क नेऊन दिले. प्रेमलाने तिचा उलटा करून आतून बोट फिरवलं. "किती मऊ हाय वो, वहिनी," म्हणाली आणि गालाला लावला.

माझ्या अंगावर काटा आला. शिसारी होती की आनंद, सांगता येत नाही. आनंदच असावा.

१४ फेब्रुवारी, रविवार

झालं! झालं एकदाचं.

हळदीकुंकू खाली पार्किंगमध्ये होतं, हवा खेळती राहावी म्हणून. मी चांगली साडी नेसून गेले. मला बघून बायकांची कुजबुज थांबली. सगळ्यांच्या तोंडाला माझे हिरवे मास्क. संपतसुद्धा होता, फोटो काढायला. मास्क चक्क नाकावर! जन्मात पहिल्यांदा.

मी मधोमध उभी राहिले. म्हटलं, "अस्तर बघितलंत का? नागोरावांचे शर्ट आहेत. सगळ्यांना पुरले."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पलीकडच्या बिल्डिंगमधल्या भाग्यश्रीने मास्क ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. मग सगळ्यांनी. कुणी पदराने तोंड खसाखसा पुसतंय, कुणी थुंकतंय. संपतच्या सासुरवाडीची एक म्हातारी माझ्या नावाने बोटं मोडत होती. संपतने स्वतःचा मास्क काढताना कानाची नाडी तुटली. तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते एकदा बघायला मिळालं. मला तेवढंच हवं होतं.

प्रेमला हळदीकुंकवाचं तबक धरून तशीच उभी होती. तिच्याकडे मी फारसं पाहिलं नाही. पाहण्यासारखं सगळं संपतकडे होतं.

मी वर आले. संपतने सगळे मास्क गोळा करवले, मागच्या भिंतीशी, उसाच्या रानाकडे पालापाचोळ्याचा ढीग असतो त्यावर टाकले आणि पेटवले. गॅलरीत उभी राहून बघत होते. हिरवं कापड काळं होऊन आखडत गेलं. मी हसले. मोठ्याने. खाली ऐकू जाईल इतकं.

१५ फेब्रुवारी

गाढ झोप लागली. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी

शिवायला टाकलेले ब्लाउज बायका न शिवताच परत नेतायत. खुशाल न्या! दार उघडते, पिशवी देते, दार लावते. सोसायटीच्या ग्रुपमधून मला काढलं. संपतने लिहिलं होतं म्हणे, मानसिक स्थितीचा विचार करून सहानुभूती बाळगावी. सहानुभूती! सहा महिने उशिरा आणि तीसुद्धा ग्रुपवर.

'चुकलं' अजून नाहीच.

१९ फेब्रुवारी, रथसप्तमी

सकाळी रुपालीचा फोन. बॅग भरतेय म्हणाली. आणि मग —

"आई, बाळाला पहिल्यांदा नवं घालत नाहीत ना? जुन्या कापडाचं झबलं शिवतात. बाबांचा निळ्या चौकड्याचा शर्ट आहे ना, त्याचं शिव."

हो म्हटलं. काय म्हणणार? शिवते म्हटलं.

फोन ठेवला आणि कपाट उघडलं. आहे काय त्यात — नुसते हँगर. उशीखाली हात घालून बघितलं. माहीत असून बघितलं. मग मागच्या भिंतीशी गेले. राखसुद्धा नाही, झाडून नेलेली. काठीने माती उकरली. मास्कच्या नाकावरची एक तार मिळाली.

त्या वेळी तोंड बघू दिलं नाही म्हणून मी मुन्सिपालटीच्या माणसांना तळतळाट दिला होता. या वेळी तर गॅलरीत उभी राहून सगळं पाहिलं. हसत! ह्यांना दुसऱ्यांदा जाळलं, संपतने. आणि सरण रचून मी दिलं होतं.

पोरीला काय सांगू?

२० फेब्रुवारी

दुपारी बेल वाजली. प्रेमला. पदर नाकावरून घट्ट धरलेला. हातात तिचा मास्क — धुतलेला, इस्त्री केलेला.

"माझ्याच्यानं टाकवला न्हाय, वहिनी," म्हणाली. मग जिन्याकडे बघत म्हणाली, "त्या दिशी ह्यांच्या अंगात कणकण व्हती. गोळी देऊन मीच तुमच्याकडं धाडलं. चुकलं."

सहा महिने मी हा शब्द ऐकायला बसले होते. ऐकल्यावर काय काय बोलायचं तेही पाठ होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मास्क हातातून घेतला. आत ये म्हटलं नाही. दार लावलं.

टाके उसवले. झबलं होणार नाही, टोपडं होईल. तेही जरा कमी पडतंय. हिरव्याचा जोड द्यावा लागेल.